दिवेलागणीआधी मांजर आत

चिखलदऱ्यात आणि आसपासच्या गावा-ढाण्यांत, म्हणजे वाड्यांत, मांजर पाळले जाते ते मुख्यतः उंदरांसाठी. कुटकी, सावा, मका, ज्वारी घरात आली की धान्याच्या ढोलीभोवती उंदीर जमतात आणि उंदरांच्या मागावर धामण, नाग येतात. मांडीवर घेऊन कुरवाळायचे मांजर इथे अलीकडचे. ते बहुधा बदलीवर आलेल्या नोकरदारांच्या क्वार्टरमध्ये किंवा एखाद्या लॉजच्या व्हरांड्यात दिसते. कामाचे मांजर कोंडून ठेवले तर त्याचा उपयोगच उरत नाही. गुरांचा कोठा, कुटाराचा ढीग, सरपणाची रास, शेताचा धुरा हा त्याचा मुलूख, आणि हा मुलूख जिथे संपतो तिथून मेळघाटचे रान सुरू होते. मधे वेस अशी नाहीच.

गाविलगडाच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर हे गाव पठारावर पसरले आहे. पठाराच्या कडा तुटतात तिथे पर्यटकांचे पॉइंट आहेत. त्याच कडांखालच्या घळी आणि नाले म्हणजे रानातल्या जनावरांच्या वर येण्याच्या वाटा. देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ मध्ये जाहीर झाले, त्यांत मेळघाट होता. सागाच्या या पानझडी जंगलात वाघ, बिबट, रानकुत्री, अस्वल, तरस, कोल्हा, रानमांजर असा सगळा गोतावळा आहे. मात्र मांजराच्या जिवावर उठणारे त्यांत मोजकेच. तीन-चार किलोच्या भक्ष्यासाठी वाघ गावात शिरत नाही. रानकुत्री दिवसा, कळपाने, सांबर-चितळांमागे पळतात आणि माणसाची वस्ती टाळतात. अस्वलाचे लक्ष मोहाकडे, मधाकडे आणि वाळवीकडे. तरस उष्ट्या-मेलेल्यावर जगते. रात्री गप्पांत कुलामामाचे, म्हणजे वाघाचे, नाव निघते खरे, पण मांजराच्या हिशेबात पहिला येतो तो बिबट.

बिबट्याच्या आहारात मांजर किती, याचे चांगले उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. त्याखालोखाल पाळीव मांजरे होती, १५ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण साधे आहे: शेळी रात्री दाराआड असते, कुत्रे आणि मांजर नसते. अकोल्याचा तो भाग उसाचा आणि दाट वस्तीचा. मेळघाटात सांबर, चितळ, रानडुक्कर, वानर असे रानातले भक्ष्य भरपूर आहे. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे चिखलदऱ्याला लावता येत नाहीत. पण गावाच्या कडेकडेने फिरणाऱ्या, म्हाताऱ्या, जखमी किंवा नुकत्याच आईपासून वेगळ्या झालेल्या बिबट्याला तेच गणित लागू पडते. सहज काय मिळते, हे तो पाहतो.

बिबट्यानंतर कोल्हा. तो मोठ्या बोक्याच्या वाटेला सहसा जात नाही, पण आजारी, गाभण किंवा अर्धवट वाढलेले मांजर त्याला जमते. रानमांजर अंगाने घरच्या मांजराहून मोठे असते. हद्दीच्या भांडणात ते पाळीव बोक्याला रक्तबंबाळ करते, मारून खाण्याचा प्रकार क्वचित. शृंगी घुबड जुन्या पडक्या भिंती आणि कड्यांच्या कपारींत राहते आणि तिन्हीसांजेनंतर बाहेर पडते. वाढलेल्या मांजरापेक्षा त्याचा धोका पिलांना. मुंगूस, घोरपड, नाग हेही पिलांचेच वैरी. अजगराला मात्र वयाची अट नाही. पावसाळ्यात नाल्याकाठच्या कोठ्यात शिरलेला अजगर मांजर गिळून तिथेच कोपऱ्यात सुस्तावलेला सापडतो.

या यादीत रानातले जनावर नसलेला एक शिकारी राहून जातो, आणि अनुभवी माणसे त्यालाच पहिला नंबर देतात. तो म्हणजे गावातलेच मोकाट कुत्रे. दोन-तीन कुत्री एकत्र आली की मांजराला उघड्यावर गाठून झटकतात आणि मारून तिथेच टाकून देतात. हे दिवसाढवळ्या, बाजाराच्या रस्त्यावरही घडते. तरी सकाळी मांजर दिसले नाही की शेजारीण म्हणते, “बिबट्यानं नेली असन.” बिबट हे सोयीचे उत्तर आहे. त्याला विचारायला कोणी जात नाही.

मांजर कशाने गेले हे नीट पाहिले तरच बंदोबस्त कशाचा करायचा ते कळते, म्हणून वनरक्षक आणि पशुधन पर्यवेक्षक आधी जागा पाहतात. कुत्र्यांनी मारलेले मांजर बहुतेक वेळा जागेवरच पडलेले असते, छाती-पोटावर दातांचे चावे असतात, अंग लाळेने ओले असते, आणि खाल्लेले फारसे काही नसते. बिबट मांजर उचलून नेतो. मागे राहिलाच तर केसांचा एखादा पुंजका राहतो, आणि ओल्या मातीत गोल, नखे न उमटलेला पंजा, घरच्या मांजराच्या पंजाच्या दुपटीने मोठा. कोल्ह्याच्या आणि कुत्र्याच्या पावलात नखांचे टोक दिसते. घुबड उंच जागी बसून खाते, त्यामुळे खाली केस आणि पुढे कधीतरी केस-हाडांची ओकलेली गोळी मिळते. अंगावर एकही जखम नसलेले, तोंडाला फेस आलेले मांजर सापडले तर बिबट, कोल्हा विसरावे आणि उंदराच्या औषधाकडे किंवा सापाकडे वळावे. शेजाऱ्याने ढोलीखाली ठेवलेले औषध खाल्लेला उंदीर मांजराने धरला, की औषध मांजराच्याही पोटात जाते. परतवाड्याकडे उतरणाऱ्या घाटरस्त्यावर गाडीखाली येणारी मांजरेही काही कमी नाहीत. आणि माजावर आलेला बोका दोन-दोन आठवडे घराबाहेर राहून वाळलेला, कान फाटलेला परत येतो. त्याचे श्राद्ध घाईने घालू नये.

कुत्रे आणि बिबट हे दोन धोके वेगवेगळे मोजले जातात, पण त्यांचे मूळ एकच, ते म्हणजे उघड्यावरचे खरकटे. पर्यटकांचा हंगाम पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. शनिवार-रविवारी हॉटेलांच्या मागच्या दाराशी भात, हाडे, कोंबडीची पिसे-आतडी साचतात. त्यावर कुत्री आणि डुकरे पोसली जातात, आणि कुत्री-डुकरांसाठी बिबट पठाराच्या कडेवर येऊन बसतो. मांजर या साखळीत मधे सापडते: कचऱ्यावरच्या उंदरांसाठी ते तिथे जाते, तिथे कुत्री असतात, आणि अंधारात कुत्र्यांसाठी आलेला बिबट असतो. म्हणून मांजर वाचवण्याचे पहिले काम मांजराशी संबंधित नसतेच. मागच्या दाराचा ड्रम झाकणाचा हवा, त्यावर दगड हवा, मटणाच्या दुकानाची घाण त्याच संध्याकाळी खोल पुरायला हवी. एका घराने हे करून भागत नाही आणि शेजारच्या चार घरांनी केले नाही तर फुकट जाते, हे मान्य. तरीही आपल्या अंगणापुरता फरक पडतो. जिथे रात्री खायला काही मिळत नाही त्या अंगणात कुत्री मुक्काम करत नाहीत. मांजराचे उरलेले दूध-भाकरीचे ताटही बाहेर राहता कामा नये. त्यावर आधी मुंगूस येते आणि मग त्याहून मोठे कोणी.

आता वेळ. मांजराची शिकारीची वेळ आणि बिबट्याची वेळ एकच असते: कातरवेळ आणि झुंजुमुंजू. उंदीर त्याच वेळी हलतात, म्हणून मांजर निघते, आणि मांजर निघते म्हणून तेही सापडते. गवळ्यांच्या घरी संध्याकाळचा एक क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. गुरे परततात, धारा काढल्या जातात, वासरे आत बांधली जातात, शेळ्या मोजून कोंडल्या जातात, कोंबड्या खुराड्यात जातात. या क्रमात मांजर कधीच नव्हते, कारण ते स्वतःचे बघून घेईल असे सगळ्यांनी धरून ठेवलेले. ज्या घरांनी त्याला या क्रमात घातले, तिथे मांजरे आठ-दहा वर्षे जगली. जिथे घातले नाही तिथे दर दीड-दोन वर्षांनी नवे पिलू आणावे लागते.

मांजराला संध्याकाळी आत आणायला धाक उपयोगाचा नाही, भूक उपयोगाची. दिवसभराचे खाणे एकदाच, धार काढून झाल्यावर, घराच्या आत, ठरलेल्या वाटीत दिले की पंधरा दिवसांत मांजर त्या वेळेला दाराशी येऊन बसते. वाटीचा आवाज हीच हाक. सुकटाचे एक चिमूट भाकरीवर चुरले तर उशीर करणारी मांजरेही येतात. परतवाड्याच्या बाजारातून महिन्याची पुडी आणली की पुरते. नुसत्या दुधावर भागवणारी घरे बरीच आहेत, पण वाढलेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब झालेले मांजर रात्री बाहेर जायलाच धडपडते. हा बारीकसा मुद्दा, पण त्यापायी अनेकांची शिस्त मोडते. आत घेतलेल्या मांजरासाठी एका टोपल्यात चुलीतली थंड राख किंवा कोरडी माती ठेवली की प्रश्न मिटतो. पहाटे दार उघडायचे ते पूर्ण उजाडल्यावर. गावाची सवय त्याआधी उठण्याची, म्हणून हेच सर्वांत अवघड जाते. चूल पेटवायला बाई बाहेर येते तेव्हा मांजर तिच्या पायांतून निसटते, आणि ती वेळ वाईट असते.

हंगामाप्रमाणे यात कमी-जास्त होते. हिवाळ्यात काही करावेच लागत नाही, कारण मांजर आपणहून चुलीच्या उबेला येऊन पडते. उन्हाळ्यात माणसेच बाज घेऊन अंगणात झोपतात, दारे सताड उघडी असतात, आणि रानातले पाणवठे आटल्याने जनावरे गावाच्या तळ्या-टाक्यांकडे वळतात. या दिवसांत मांजर गमावण्याची भीती जास्त. पण पावसाळ्याचा अनुभव आणखी वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्यावर धुके उतरते तेव्हा दुपारी दोन वाजताही चार हातांपलीकडचे दिसत नाही. दिवस आणि रात्र यांच्यातला फरकच पुसला जातो. घराभोवतीची रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपे माजलेली असतात, आणि पावसाच्या आवाजात पावलांची चाहूल लागत नाही. धुक्याच्या दिवशी मांजराला दिवसाही बाहेर सोडू नये, असे इथली जाणती माणसे सांगतात, आणि ते खरे आहे. घराभोवती निदान दहा-पंधरा फूट रायमुनिया आणि गवत साफ ठेवणे हे पावसाळ्याच्या आधीचे काम. दडून बसायला जागा नसली की बिबट आणि कोल्हा दोघेही उघडे पडतात.

घराची रचना इथे आड येते. इथल्या कोरकू आदिवासींच्या घरांच्या भिंती कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या, वर कवेलू. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हवेसाठी मोकळी फट असते, आणि मांजर दाराने आत घेतले तरी त्या फटीतून बाहेर जाते. फट बुजवली तर धूर कोंडतो. तिथे बांबूच्या कामट्यांची वीण बसवली की हवाही खेळते आणि मांजरही थांबते. ज्यांना मांजर घरात झोपलेले चालत नाही ते कोठ्यात वेगळा पिंजरा करतात. त्यात एक चूक नेहमी होते. कोंबड्यांसाठी मिळणारी पातळ षट्कोनी जाळी वापरली जाते. बिबट ती पंजाने फाडतो, कुत्रेही दातांनी ओढून काढते. जाड तारेची, सांधे वेल्ड केलेली जाळी घ्यावी. पिंजऱ्याला तळ फळीचा हवा, कारण खालून उकरणारे बरेच आहेत, आणि तो जमिनीपासून उंच, भिंतीला टेकून असावा. आत एक आडोशाची पेटी हवी. जाळीपलीकडे बिबट दिसला की मांजराला लपता आले पाहिजे, नाहीतर ते भीतीने स्वतःलाच ओरबाडून घेते. लॉज-बंगल्यांना व्हरांड्याचा एक भाग अशा जाळीने बंद करणे परवडते, आणि मांजराला त्यातून बाहेरचे सगळे दिसत राहते.

झाडावर चढून मांजर वाचते, हा समज अर्धाच खरा. कुत्र्यापासून वाचते. कोल्ह्यापासूनही वाचते. बिबट झाडावर मांजराइतक्याच सहजतेने चढतो. बाहेरच्या देशांत मांजरांच्या शिकारीचा प्रश्न कोयोटी या कोल्ह्याच्या जातभाईच्या बाबतीत आहे. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात कोयोटींवर पाळत ठेवणाऱ्या संशोधकांना कोयोटी आणि मांजर यांच्या ३६ गाठी दिसल्या, त्यांतल्या १९ मध्ये मांजर मारले गेले. तिथे कोयोटीला झाडावर चढता येत नाही म्हणून अंगणात उंच खांब उभारण्याचा सल्ला दिला जातो. चिखलदऱ्यात तो सल्ला कुत्र्यांपुरताच उपयोगी. दिवसा मांजराला चटकन चढता येईल असा ओबडधोबड लाकडाचा खांब किंवा छपराला टेकलेली शिडी अंगणात असली, तर कुत्र्यांपासून जीव वाचतो.

दिवे आणि फटाके यांवर पैसे घालण्यात अर्थ नाही. सौरदिव्याची बिबट्याला काही रात्रींत सवय होते. फटाक्याने तो तेवढ्यापुरता हटतो आणि मांजर मात्र घाबरून रानाच्या दिशेने पळते. गळ्यात पट्टा-घुंगरू बांधायचे असेल तर ओढ बसताच सुटणारा पट्टा हवा. साधा पट्टा किंवा सुतळी रायमुनियाच्या फांदीत अडकली की मांजर तिथेच लटकून राहते. घुंगराने पक्षी सावध होतात, हा त्याचा खरा फायदा.

पिलांचे गणित वेगळे. मांजरी साधारण ६३ ते ६५ दिवसांनी विते, आणि विण्याची जागा ती स्वतः निवडते: कुटारात, सरपणाच्या राशीत, नाहीतर माळ्यावर. पिलांचे डोळे सात ते दहा दिवसांत उघडतात, आणि तोवर ती तोंडात धरून त्यांची जागा बदलत राहते. या दिवसांत सरपण उपसले गेले की ती पिलांना थेट शेताच्या धुऱ्यावर नेते आणि तिथे ती वाचत नाहीत. म्हणून विण्याआधीच घरात अंधाऱ्या कोपऱ्यात जुन्या गोधडीची पेटी ठेवून तिला त्याची सवय लावावी. तरी मुळात इतकी पिले होऊ न देणे हाच सर्वांत मोठा बंदोबस्त. खच्ची केलेला बोका माजावर भटकत नाही, मैलभर दूरच्या ढाण्यावर भांडायला जात नाही, आणि बहुतेक बोके मरतात ते याच भटकंतीत. मांजरीची शस्त्रक्रिया पाच-सहा महिन्यांच्या वयापासून करता येते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे बहुतांश काम गाई-म्हशींचे. मांजरासाठी परतवाडा किंवा अमरावती गाठावे लागते, टोपली बसमध्ये मांडीवर घेऊन. उंदीर मारायला ठेवलेल्या मांजरावर एवढा खर्च कशाला, असे विचारले जाते. दर दीड वर्षाला नवे पिलू शोधण्यापेक्षा आणि प्रत्येक वेताची चार पिले कुत्र्यांना देण्यापेक्षा तो खर्च कमीच पडतो.

रान आणि मांजर यांच्यातला हा व्यवहार एकतर्फी नाही. रानातली छोटी मार्जारे घरच्या मांजरापासूनच धोक्यात येतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, वजन दीड किलोच्या आतबाहेर. मध्य भारतातल्या पानझडी जंगलांत ती राहते. घरच्या मांजरांतला पॅनल्युकोपेनियासारखा रोग तिच्यापर्यंत आणि रानमांजरापर्यंत पोहोचू शकतो. रानमांजर आणि पाळीव मांजर यांचा संकरही होतो. परदेशात ‘चौसी’ नावाची जात याच संकरातून मुद्दाम तयार केली आहे. तेव्हा आठ-नऊ आठवड्यांच्या पिलाला रोगप्रतिबंधक लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, हे घराइतकेच रानाच्याही भल्याचे आहे. उलट बाजूही आहे. शेतात सापडलेले ठिपक्यांचे पिलू बिबट्याचे समजून, किंवा गोजिरवाणे दिसते म्हणून, घरी आणले जाते. ते बहुधा रानमांजराचे किंवा वाघाटीचे असते आणि आई जवळपासच असते. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रातले लोक वनखात्याबरोबर अशी पिले त्याच शेतात परत ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते, हे अनेकदा घडलेले आहे. चिखलदऱ्यातही पिलाला हात न लावता वनखात्याला कळवणे एवढेच करायचे. वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी त्यासाठी आहे.

मांजर गेल्याच्या रागात फास लावणे, मेलेल्या कोंबडीत विष घालून ठेवणे हे प्रकार अधूनमधून ऐकू येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली हा शिकारीचाच गुन्हा ठरतो, आणि त्या विषाला बळी पडते ती बहुतेक वेळा शेजाऱ्याची मांजर किंवा गावाचे कुत्रे. शासनाची नुकसानभरपाई गाय, बैल, म्हैस, शेळी-मेंढी अशा पशुधनासाठी असते. मांजराचा पंचनामा होत नाही.

रानातल्या जनावराच्या किंवा कुत्र्याच्या तावडीतून सुटून आलेल्या मांजराला उघड्या हाताने धरू नये. जाड पोते टाकून टोपलीत घालावे. वरून बारीक दिसणारा दाताचा चावा आत खोल असतो आणि तीन-चार दिवसांनी त्यात पू होतो, म्हणून जखम लहान आहे यावर जाऊ नये. माणसांसाठी घरात ठेवलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. तिच्या तुकड्यानेही ते मरते. धरताना मांजराने माणसाला ओरबाडले किंवा चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी, मांजराला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना विचारूनच थांबावे. आणि नवे मांजर आणायचेच झाले तर ते पावसाळा ओसरल्यावर आणावे, पहिले तीन-चार आठवडे घरातच ठेवावे, आणि वाटीच्या आवाजाला यायला लागल्यावरच, तेही दुपारच्या उन्हात, प्रथम अंगणात सोडावे.